दाराबाहेरची किल्ली

प्रिय नोर्मा,

तिसऱ्यांदा लिहायला बसलोय. दोन ओळी झाल्या की उठतो, जिन्यापाशी जाऊन कान देतो, परत येतो. आता एका दमात लिहितो, नाहीतर हेही चुलीत जाईल.

अख्ख्या रोक्कास्पिना गावानं मला वाळीत टाकलंय! का, तर मी दाराची किल्ली काढून खिशात ठेवली. तुला तिकडे तोरिनोत हसू येईल. पण आपल्याकडे किल्ली बाहेरून दारालाच असते. कुणीही फिरवावी नि आत यावं. डाकूंच्या काळात दिवस मावळला की वेस बंद व्हायची, मग आतल्यांनी एकमेकांपासून काय लपवायचं? तेव्हापास्नं किल्ली निघते ती घरातलं शेवटचं माणूस गेल्यावरच.

समोरची आर्मिदा म्हणजे तोंडाची तोफ. चौकात सगळ्यांदेखत विचारलंन, काय हो एर्मेते, सोनं सापडलं की आम्ही चोर झालो? मी पाव घेतला नि निघालो. चाळीस वर्षं ही बाई न विचारता आत येऊन आपल्या चुलीवर घेवड्याचं सूप ठेवून जायची. परवा तिनं दारावर थाप मारली, थांबली, निघून गेली. थाप, आपल्या दारावर! मेल्याहून मेल्यासारखं झालं बघ.

तू दर रविवारी फोनवर आईला बोलवा म्हणतेस, मी म्हणतो झोपलीय. झोपत नाही गं ती. महिन्यापूर्वी पहाटे टोपली घेऊन धुण्याच्या हौदावर गेली. हौद कोरडा पडून वीस वर्षं झाली. मला दिसली तेव्हा तटावर चढून चादर वाळत घालत होती, खाली सरळ दरी. त्याच दिवशी मी किल्ली काढली. लोकांनी तुझ्या आईची, माझ्या दिल्वाची कीव करावी, हे मला सोसवत नाही.

काल तिला कोंडून पाव आणायला गेलो, परतलो तर आतून दार ठोठावत मलाच म्हणाली, साहेब, घरी जाऊ द्या हो, माझी नोर्मा शाळेतून येईल, दाराला किल्ली दिसली नाही तर घाबरेल.

माझे दोन डोळे पुरत नाहीत, पोरी. तू ये. टपालपेटी खाली वेशीपाशी आहे आणि तुझ्या आईला पुन्हा कोंडून मी बाहेर पडणार नाही. तेव्हा हे पत्र तुझ्या हाती पडलं, तर समज, किल्ली दाराला आहे आणि आर्मिदा आत बसलीय.

तुझाच,
बाबा