पिस्तुलाला लावलेलं कुंकू

१४ सप्टेंबर, रविवार
बी.पी. पुन्हा वर. डॉक्टर म्हणाले, काळजी डोक्यात साठवू नका, लिहून काढा. लेकीची, सईची, नववीची वही अर्धी कोरी होती, ती घेतली. आणि नेमकं आजच अर्बाबने, म्हणजे आमच्या मालकाने, लिहायला कारण आणून दिलं.

दुपारी वर्कशॉपवर आला. डोक्याला बांधायच्या मसरमध्ये काहीतरी गुंडाळून आणलेलं. माझ्या टेबलावर सोडलं.
"ब्रकाश, शूफ." म्हणजे बघ.
आखातात येऊन बावीस वर्षं झाली, माझ्या नावातला प त्याला काही जमला नाही.
पिस्तूल! सेमी-ऑटोमॅटिक, जुनं, एका बाजूने गंजलेलं. गावाकडच्या एका म्हाताऱ्याकडून विकत घेतलंय. गोळ्या नाहीत, मॅगझीन अर्बाबच्या घरी. "नया जैसा बनाओ. बॉलिश, काला कलर, सब."
मी नळ, बंपर, खंजिराच्या मुठी चकाकवणारा माणूस. विचारलं, अर्बाब, अपने वर्कशॉप को ये काम अलाऊड है?
"मेरा वर्कशॉप, मेरा बिस्तौल. माफी मुश्किल."
माफी मुश्किल, म्हणजे काही अडचण नाही. त्याचं मुश्किल माफ होत असेल. माझं व्हिसावर आहे.

१५ सप्टें.
बायकोला, मंजूला, सांगितलं. चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "नाही म्हणता नाही आलं?"
अर्बाबला नाही म्हणायचं कसं ते तिने मला शिकवावं.
सईची दहावी. फेब्रुवारीत बोर्ड. मला काही झालं, व्हिसा कॅन्सल झाला, तर तिघांनाही निघावं लागेल, मधल्या वर्षात.   मं.ने आणि मी बिस्किटं खाल्ली.
यापुढे वहीत 'वस्तू' लिहीन. वही सईच्या दप्तरात जायची एखाद्या दिवशी.

१८ सप्टें., गुरु.
अर्बाबला कागद मागितले. मागताना घाम फुटला, पण मागितले. हसला, गाडीतून फाइल आणली. लायसन्स म्हाताऱ्याच्या नावावर, आता याच्या नावावर करायचंय. ७ ऑक्टोबरला पोलिसांत वस्तू दाखवायची, ते नंबर कागदाशी ताडून बघणार, मग शिक्का.
अरबी वाचता येत नाही, पण आकडे येतात, गाड्यांच्या नंबरप्लेटवरून शिकलोय. कागदावरचा नंबर आणि वस्तूच्या फ्रेमवर कोरलेला नंबर, सहाही आकडे जुळले. जरा जीव भांड्यात पडला.
पण गंज नेमका नंबराच्या आजूबाजूला. आणि नंबर मुळातच उथळ. जरा जास्त घासलं तर जाईल. बिजूला (माझा जोडीदार, केरळचा) म्हटलं, या जागेला कोणी हात लावायचा नाही, बफचं (पॉलिशचं) चाक तर नाहीच. त्यावर टेप चिकटवली. वस्तू माझ्या स्टीलच्या कपाटात. किल्ली माझ्या गळ्यात, जानव्यासारखी.

२२ सप्टें.
घट बसले. मं.ने देव्हाऱ्यात माती घालून धान्य पेरलं. सईला म्हटलं नमस्कार कर. "बाबा, मी ऑलरेडी केला, तू बघितला नाही." केला असेल.
वस्तूचं काम चालू. हाताने, एमरी पेपरने, रोज थोडं. खोटं कशाला बोलू, हात रमतो. गंजाखालून लोखंड निघतं तेव्हा बरं वाटतं. 

२९ सप्टें.
पॉलिश पूर्ण. आरशासारखं. आता काळं फिनिश गुरुवारी, दसऱ्याला. मुहूर्त म्हणून नाही, केमिकल तेव्हा येतंय म्हणून. तोवर तेलाचा हात देऊन ठेवलंय. इथल्या दमट हवेत उघडं लोखंड एका दिवसात तांबडं पडतं.

१ ऑक्टो., बुध.
खंडेनवमी. दर वर्षी करतो तशी हत्यारांची पूजा. वर्कशॉपमध्ये मोकळ्यावर करत नाही, उगाच कोणाला काही वाटायला नको. माझ्या कपाटातच करतो. खालच्या खणात कानशी, व्हर्नियर, आकड्यांच्या पंचांचा (लोखंडावर आकडे ठोकायच्या ठशांचा) डबा. वरच्या खणात वस्तू.
आमच्या गावी कोयता नि कुऱ्हाड पुजायचे. बाबा म्हणायचे, आपलं शस्त्र हेच. आज पहिल्यांदा खरं शस्त्र समोर. शस्त्रपूजेच्या दिवशी शस्त्रालाच वगळायचं?
नाही वगळलं. नंबरावरची टेप काढली, सपाट जागा तेवढीच होती. कुंकू तेलावर टिकत नाही म्हणून तेल पुसलं. पाण्यात कालवलेलं हळदकुंकू, अक्षता, वर झेंडूचं फूल. नमस्कार केला. डोळ्यांत पाणी आलं, का कोण जाणे.
उद्या दुपारी उत्तरपूजा करून उचलायचं. तोवर हत्यारांना हात लावायचा नाही.

२ ऑक्टो., दसरा
सकाळी सहाला अर्बाबचा फोन. दुक्मला, सहा तासांवरच्या साइटवर, हायड्रॉलिकचे रॉड खराब झालेत, माप घ्यायला आजच्या आज जा. यल्ला, म्हणजे निघच.
निघालो. सोनं म्हणून मं.ने शेजारणीच्या कुंडीतलं एक पान शर्टाच्या खिशात घातलं. कसलं पान होतं कोणास ठाऊक.
दुक्म. वारा, पत्र्याच्या खोल्या, सगळीकडे पुरुषच पुरुष. जेवायला हात धुतले आणि बोटाच्या पेरावर कालच्या कुंकवाचा डाग दिसला. न जेवताच उठलो.
कुंकू ओलं होतं, आणि खाली तेल नव्हतं.
किल्ली माझ्या गळ्यात.

३ ऑक्टो., शुक्र.
अजून दुक्म. रॉड आज खोलताहेत. बिजूला फोन करून कपाट फोडायला सांगू? पोलिसांना कळलं तर वस्तूचं कपाट फोडलं म्हणून वेगळं प्रकरण. नाही सांगितलं. मापं दोनदा चुकलो. साइटवरचा इंजिनियर म्हणाला, "अंकल, तबीयत ठीक है?"
बरी कसली.

४ ऑक्टो., शनि.
पोचल्या पोचल्या, घरी न जाता, वर्कशॉप. कपाट उघडलं. फूल सुकलेलं. फूल उचललं, खाली तांबडं. कुंकू की गंज ते आधी कळेना. बोटाने पुसलं. कुंकू गेलं, तांबडं राहिलं.
देवा, मी स्वतःच्या हाताने.

५ ऑक्टो.
गंज काढला. काढल्याशिवाय इलाज नव्हता. भिंगातून बघत, लाकडी काडीने, तेल लावून, तीन तास. पाच आकडे आहेत. शेवटचा आहे की नाही ते सांगता येत नाही. तीन म्हणा, आठ म्हणा. कागदावर तीन आहे.
बिजूला दाखवलं. त्याने पंचांचा डबा पुढे सरकवला. "भाई, तीन का पंच, एक हथौड़ी, खलास. किसको पता चलेगा?"
खरंच कोणाला कळणार? माझा हात इतका साफ आहे की पोलीस काय, बनवणाऱ्यालाही कळणार नाही. हेच भीतीचं.

६ ऑक्टो., सोम.
उद्या पोलिसांकडे. सकाळी आठला पंच काढला. तीनचा. डब्यातल्या पंचावर खंडेनवमीचं कुंकू तसंच होतं, सुकलेलं. आकड्यावर टेकवला. हातोडी उचलली.
कागदावर तीन आहे, मी तीनच ठोकणार होतो. खोटा आकडा नव्हे. पण वस्तूच्या नंबराला हात लावला की मग मी फक्त पॉलिशवाला राहत नाही. मग गुन्हेगार.
हातोडी ठेवली. पंच परत डब्यात टाकला.
मं.ला फोन केला. शाळेत शिकवते ती, वर्गात होती, बाहेर येऊन बोलली. "अर्बाबला सांगून टाका."
"काय सांगू? तुझ्या पिस्तुलाची पूजा केली?"
"हो, तेच."

त्याच दिवशी, संध्याकाळी
सांगितलं. अल् खुवैरला त्याच्या ऑफिसात, वस्तू टेबलावर ठेवून, उभ्यानेच. हिंदी, अरबी, इंग्रजी, जे सुचेल ते. अर्बाब भिंग घेऊन बराच वेळ बघत राहिला.
"बूजा? किसका?"
"हथियार का. हमारा एक दिन आता है अर्बाब. औज़ार, हथियार, जिससे रोटी मिलता है, सब को..."
"ये मेरा बिस्तौल. तुमको इससे क्या रोटी?"
 मग तोंडातून निघून गेलं, "अच्छा हो, इसलिए. आपके घर में किसी को इससे कुछ न हो, इसलिए."
त्याने भिंग खाली ठेवलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.
"तुमने नंबर बनाया? टच किया?"
"नहीं. बनाने वाला था. नहीं बनाया."
"कल तुम भी साथ चलो. फिनिश मत करो. ऐसा ही."

७ ऑक्टो., मंगळ.
मं.ने दही-साखर हातावर ठेवली. सईला सांगितलं, बाबांचं ऑफिशियल काम आहे. ती म्हणाली, "ऑल द बेस्ट बाबा, डोन्ट बी स्केअर्ड." हिला कोणी सांगितलं?
पोलिसांत दीड तास बाहेर बसलो. मग आत बोलावलं. तरुण अधिकारी, चांगलं इंग्रजी. नंबरावर दिवा धरून बघत होता. विचारलं, हे कोणी केलं? अर्बाब बोलायच्या आत मी म्हटलं, मी.
कसं? सांगितलं. रेड पावडर, वॉटर, प्रेअर. दोनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा अर्बाबने अरबीत सांगितलं, काय ते मला कळलं नाही. अधिकाऱ्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या कपाळाकडे. मं.ने सकाळी टिळा लावला होता, पुसायचा राहिला होता.
म्हणाला, लिहून द्या. लिहून दिलं, इंग्रजीत, अर्धं पान. गंज लाकडी काडीने काढला, आकडा खोदला नाही, हेही लिहिलं. खाली सही. वस्तू ठेवून घेतली, माझ्या रेसिडेंट कार्डाची कॉपी ठेवून घेतली. तपासणीला पाठवणार, फोन करणार.
म्हणजे मी खरंच आकडा ठोकलेला नाही, हे आता यंत्र सांगणार. काल सकाळी आठ वाजता हातोडी खाली ठेवली नसती तर...


१२ ऑक्टो., रवि.
फोन नाही. अर्बाब नेहमीसारखा येतो, नळ बघतो, जातो. विषय काढत नाही. बिजूने पंचांचा डबा मला न विचारता माळ्यावर टाकला. बी.पी.चं लिहीत नाही.
मं. विचारत होती, फराळाचा डबा या वर्षी अर्बाबच्या घरी द्यायचा का. दर वर्षी देतो. म्हटलं थांब जरा. मग म्हटलं, दे.

१६ ऑक्टो., गुरु.
फोन नाही.
आज अर्बाब गाडीत बसता बसता थांबला, काच खाली केली.
"ब्रकाश."
"जी अर्बाब."
"अगले साल बानी मत मिलाना. सूखा लगाओ."
काच वर, गाडी गेली. मी तिथेच उन्हात उभा.
घरी येऊन मं.ला सांगितलं. ती चकल्या तळत होती. झारा तेलातच धरून म्हणाली, "अगले साल म्हणाला? नक्की?"
नक्की, म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. सई आतून म्हणाली, "व्हॉट हॅपन्ड?" मं.ने तिला एक चकली नेऊन दिली.
पोलिसांचा फोन अजून आलेला नाही. अगले साल मात्र म्हणाला.