तलवारीशी लागलेलं लग्न

ब्रह्मदेशची सरहद्द, १९४४

तीर्थरूप आबा,

नवऱ्याला फौजेतून रजा न्हाई म्हणून शालूचं लग्न माझ्या जागी घरच्या तलवारीशी लावून टाकलं, हे तुमच्या पत्रातून आज कळलं. आबा, रजा मिळत होती. मीच घेतली न्हाई. माझा जीव तिच्यावर हाय, म्हणूनच. मी इथं मेलो तर ती विधवा होऊ नये, दुसऱ्या घरी जायला मोकळी राहावी. तुमी मला न विचारता तिला बांधून टाकलं.

आता ऐका. मोर्चा सोडून पळणार न्हाई, अन् तिचं कुंकूबी पुसू देणार न्हाई. ती तलवार परत खुंटीला टांगा. नवरा मी हाय.

हे पत्र टपालात टाकणार न्हाई. बाळापूरला घरी येऊन तुमच्या तोंडावरच बोलीन.

तुमच्यावरच गेलेला,
रंगनाथ