सावडीला इंग्रजी शब्द

१४ नोव्हेंबर २००६, मंगळवार. सकाळी १० वाजून २० मिनिटे

ओसरीवर बसून गटाच्या रजिस्टरला रेघा मारत होतो. भगवानरावांकडून निरोप आला — नागपूरहून प्रियंका मॅडमचा फोन आहे, पळत ये. भगवानराव आमच्या सेंद्रिय कापूस गटाचे अध्यक्ष. मी नोंदी ठेवणारा. महिना नऊशे. शेवटची रेघ वाकडी गेली.

आमच्या नोंदी तपासून प्रमाणपत्रासाठी पुढे पाठवतात त्या मॅडम. म्हणाल्या, "संघदीप, मजुरीच्या रकान्यात तू 'फ्री लेबर' लिहिलंस?"

हो मॅडम. स्पेलिंग दोनदा तपासलं.

"स्पेलिंग बरोबर आहे रे. अर्थ चुकलाय. सेंद्रिय मालाचं प्रमाणपत्र देणारे परदेशात बसतात. ते वाचतील की इथे बायकांना फुकट राबवतात. प्रमाणपत्रच थांबेल."

थांबलं तर बेचाळीस घरांना क्विंटलमागे तीनशे रुपये जास्त मिळतात ते जातील. यंदाच्या बाजारात तेवढाच आधार आहे. माझी नोकरीही जाईल. योग्य शब्द २७ तारखेच्या सोमवारपर्यंत पाहिजे.

मी लिहिलं होतं ते सावडीबद्दल. आई, नंदाबाई आणि आणखी पाच जणी पाळीपाळीने एकमेकींच्या वावरात कापूस वेचतात. आज तुझ्या, उद्या माझ्या. पैसे कोणी कोणाला देत नाही. पैसे नाहीत म्हणून मी 'फ्री' लिहिलं. बारावीला इंग्रजीत दोनदा नापास झालो ते उगीच नाही.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

डिक्शनरी घेऊन वावरात गेलो. ज्यांचं काम त्यांनाच विचारावं म्हटलं. नंदाबाईच्या वावरात वेचणी चालू होती. सातही जणी हजर.

नंदाबाई लांबूनच ओरडली, "आले पाहा सायब. बाबू, पुस्तक बांधावर ठेव अन् कपाशीचं एक तास धर."

फ्री म्हणजे मोकळा आणि फ्री म्हणजे फुकट, असे दोन अर्थ मी समजावून सांगितले.

"मंग बरोबरच लिव्हलं तू. घरी सासू हाय, वावरात नाही. इथंच मोकळी हावो मी."

पुढचा शब्द 'व्हॉलंटरी'. स्वखुशीने केलेलं.

मानीबाईने मान वर न करता सांगितलं, "मी काई खुशीनं नाही येत. नाही आली त नंदा येईन का माह्या वावरात?"

खोडला.

'हेल्प' म्हणजे मदत. रुखमाबाई म्हणाली, मदत त अडल्यानडल्याले करतात, हे काम हाय. तोही खोडला. शब्द एवढा सोपा आणि बसत मात्र नाही.

'एक्स्चेंज' सांगितला — एक देऊन दुसरं घेणं. नंदाबाईने कमरेवर हात ठेवले. "टीव्हीवाला घेते तसं? जुना देल्ला, नवा नेला? माह्या घरच्या बुढ्याले देतो, पाहा कोणी घेत असन त."

सगळ्या हसत होत्या. आईसुद्धा पदर तोंडाला लावून. मी चारही शब्द अर्थांसह वहीत लिहून घेतले. एकही वाया जाऊ नये.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

काहीच सुचलं नाही. 'अनपेड' हा शब्द तर मॅडमना दाखवायचीसुद्धा भीती वाटते.

२० नोव्हेंबर, सोमवार

सापडला. 'म्युच्युअल'. परस्पर. दोन्हीकडून सारखं.

फोन केला. मॅडम म्हणाल्या, "वा, अगदी हाच. आता फक्त एक तक्ता जोड. या हंगामात कोण कोणाकडे किती दिवस गेली. बाहेरच्या माणसाला शब्द पुरत नाही, हिशेब लागतो."

तक्ता करणं मला शब्दांपेक्षा सोपं.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी तक्ता आखला. आडव्या सात ओळी, उभे सात रकाने. ओळीत कोण गेली, रकान्यात कोणाकडे. आकडे रोजच्या हजेरीतून घेतले. नंदाबाईचा रकाना भरला. मानीबाईचा भरला. रुखमाबाईचाही.

आईच्या ओळीत बेरीज सतरा दिवस आली. आईचा रकाना कोरा.

तीनदा पाहिलं. हजेरीची पानं परत मोजली. चूक नाही. आमच्या दोन एकरांत आई, मी आणि बहीण साधना वेचतो, दरवर्षी. मला ते माहीत होतं. कागदावर येईपर्यंत ते दिसलं नव्हतं, एवढंच.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

आईला विचारलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती.

"माय, आपल्या वावरात सावड काहून येत नाही?"

"मी बलावतच नाही."

"काहून?"

"ज्याचं वावर त्याच्या घरचं जेवण. तेवढ्या जणींचं रांधा लागते."

मी म्हटलं, रांधू की. आपल्या घरात सहा जणींपुरतं नाही का?

तिने शेंगांवरची नजर हलवली नाही. "तू चौथीत होता तवा रांधलं होतं. वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा. सहाही जणींचा उपास निघाला. बुधवार होता."

मग हसली. खरंच हसली. "भाजी तूच खाल्ली, दोन दिवस. तवापासून मीच सांगते, माहं वावर लहान हाय, तुमी नका येऊ. त्याह्यलेबी बरं, मलेबी बरं."

बौद्धपुऱ्यातून सावडीत जाणारी आई एकटीच. ती त्यांच्या बांधावर बसून त्यांच्या घरचं जेवते. त्यात कोणाला काही वाटत नाही.

पेन्सिलीने तिच्या रकान्यात तीन, दोन, तीन असे आकडे भरले. दिसायला छान दिसत होते. खोडून टाकले. कागद तिथे खरबरीत झाला.

तो रकाना असाच पाठवला, तर 'म्युच्युअल' खोटा ठरतो आणि आईपुरता 'अनपेड' खरा. बेचाळीस घरं आणि सतरा दिवस. कोणतं मोठं, ते डिक्शनरीत नाही.

२५ नोव्हेंबर, शनिवार

आईला न सांगता तक्ता घेऊन नंदाबाईकडे गेलो. कागद तिच्यापुढे खाली ठेवला. तिला वाचता येत नाही. पण रकाने तिला कळतात.

"हा रिकामा कोणाचा?"

"आईचा."

तिने कोऱ्या जागेवर बोट ठेवलं, वरून खाली नेलं.

"मॅडमले कवा द्या लागते?"

"परवा."

"मॅडमसाठी नाही इचारून राह्यली मी," असं म्हणाली आणि मग, "जाय घरी. माय रागावन."

२६ नोव्हेंबर, रविवार

आमच्या वावरात आज सहा जणी आल्या. आई म्हणत राहिली, वावर लहान हाय. नंदाबाई म्हणाली, लहान हाय त लवकर सरन, तू चूल पेटव.

तक्त्यात शाईने लिहिलं ते एवढंच. दिलेले दिवस सतरा. मिळालेले सहा, एकेकीचा एक.

दुपारी आईच्या हातचं चौघी जेवल्या. मानीबाई आणि आणखी एक जण घरून डबे घेऊन आल्या होत्या. मॅडमच्या तक्त्यात कोण जेवलं याला रकाना नाही. मी आखला.