भरदार बायकांचा चित्रकार

३ जानेवारी
निवृत्त झालो. शाळेत पोरांकडून डोंगरामागचा सूर्य काढून घेण्यात आयुष्य गेलं. आता स्वतःचं काम. भरदार अंगाच्या बायकांची चित्रमालिका करणार. मोठे कॅनव्हास. जाहिरातींतल्या काटकुळ्या बायकांना उत्तर. हे धाडस कुणीतरी करायलाच हवं. सोमवारपासून.

९ जानेवारी
बायको घरातच आहे, मॉडेलचा प्रश्न नाही. सत्यशीलाला सांगितलं, तुझा देह म्हणजे उत्सव आहे. म्हणाली, "उत्सवाचे गुडघे दुखतायत. आधी गॅस बुक करा." थकलो.

१७ जानेवारी
खालच्या मजल्यावरच्या हेमाताईंना विचारलं. शब्द जपून वापरले. 'भव्य', 'पृथ्वीसारख्या' वगैरे. त्यांनी दार लावून घेतलं. संध्याकाळी त्यांचे मिस्टर जिन्यात भेटले. म्हणाले, "आपण निसर्गचित्रं काढत जा." नारायण पेठेत मोकळं मन दुर्मिळ.

२ फेब्रुवारी
सत्यशीला अखेर बसली. अट एकच, बसल्या बसल्या मेथी निवडणार. चालवून घेतलं.

८ फेब्रुवारी
चित्र झालं. कंबर जरा आत घेतली, हनुवटी एकच ठेवली. कॉम्पोझिशनची गरज. सत्यशीला बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "छान आहे. कोण ही?" मी समजावलं, की आहे तसं रंगवलं तर त्यातला उत्सव पोचत नाही. जेवायला कालची आमटी, गार.

२० फेब्रुवारी
सत्यशीला कसब्यात प्रेमलाबाईंच्या मातीकामाच्या क्लासला जाते. वेळ जाईल बिचारीचा. मी दुसऱ्या कॅनव्हासचा विचार करतोय. विचारानेच पाठ धरली.

१५ मार्च
डायनिंग टेबलावर ओल्या मातीची बाई. पाय फाकवून ऐसपैस बसलेली. पोटाच्या वळ्या, दंड, सगळं जिथल्या तिथे. काहीच लपवलेलं नाही. मार्गदर्शन म्हणून कंबर बोटाने दाबून दाखवणार होतो. सत्यशीलाने माझा हात बाजूला केला. म्हणाली, "अहो, ती माझी कंबर आहे."
आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

६ एप्रिल
नेमका आमच्याच विषयावर ग्रुप शो. मी चित्र पाठवलं, तिने मूर्ती. आयोजक ऋतुजाचा फोन आला. मूर्ती घेतली. माझ्याबद्दल म्हणाली, "सर, तुमचं काम छानच आहे, पण आम्हाला भरदार बायका हव्या होत्या." क्युरेटर मंडळींची नजर अजून तयार व्हायचीय. दुपारी पडून राहिलो.

२५ एप्रिल
उद्घाटन. खूप गर्दी. हेमाताई ठेवणीतली साडी नेसून आल्या. मूर्तीसमोर उभ्या राहिल्या, हलेनात. मग सत्यशीलाला हळूच म्हणाल्या, "माझी कराल?" मागे मी उभा होतो. मला नमस्कार केला, बस.
एका मुलीने सत्यशीलाला विचारलं, शिकलात कुणाकडे. मी अर्धं पाऊल पुढे झालो. सत्यशीलाने प्रेमलाबाईंचं नाव घेतलं. बरोबरच आहे. क्लास त्यांचाच.
एवढं हसताना तिला मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. मला पाहून म्हणाली, "अहो, घसा सुकलाय. जरा पाणी आणता?"
बाटली घेऊन परत आलो तर दारावरच्या वॉचमनने अडवलं. पास विचारला. सांगितलं, चित्रकार आहे. हलला नाही. मग म्हटलं, सत्यशीलाताईंचा नवरा.
लगेच आत सोडलं.