कराराचं सातवं कलम

४ नोव्हें.
कझाकस्तानच्या पक्षीसंस्थेशी व्हायच्या कराराचा पक्का मसुदा आला. त्यांच्या तळ्यावर पायात कडी घातलेले पक्षी हिवाळ्यात आमच्या खाडीत उतरतात. तिकडे त्यांनी जपायचे, इकडे आम्ही. दोन वर्षं याच्याच मागे होतो. रबाळ्याच्या ऑफिसात पेढे. सातवं कलम वाचलं नि पेढा हातातच राहिला. ऑक्टो. ते मार्च, तळवलीकडच्या चिखलात जाळी बंद.
बाबांची जाळी तिथेच लागतात.

५ नोव्हें.
बाबांना सांगून टाकलं. म्हटलं, बाहेरच्यांची अट आहे. ते जाळं सांधत होते, मान वर केली नाही. "चाळीस वर्सं पाखरं नि मी एकाच चिकलात हाव. कंदी भांडान नाय झाला."
आई मधेच, "पोरीची नोकरी हाय ती."


७ नोव्हें.
ऑफिसात आमच्या प्रमुख मॅडमना विचारलं, हे कलम काढता येईल का? त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "अगं, हे त्यांनी नाही घातलं. आपल्याकडून पाठवताना तुझ्याच रिपोर्टमधून घातलंय मी."
खरंच. गेल्या हिवाळ्यातलं माझं वाक्य. जाळ्यांच्या वर्दळीने पक्षी उठतात. किती वेळा उठलेले पाहिले? दोनदा. फक्त दोनदा. आणि घरी सांगितलं, बाहेरच्यांची अट. म्हणजे मी...

८ नोव्हें.
सांगितलं बाबांना, वाक्य माझंच. ते म्हणाले, "लिवायच्या आदी मना इचारायचा व्हता."
शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

११ नोव्हें.
आयगुलचा, म्हणजे तिकडच्या प्रमुख बाईंचा, व्हिडिओ कॉल. शुक्रवारी सह्या. शेवटी तिने सहज विचारलं, बैठकीला मच्छीमारांपैकी कोण असेल? मॅडम कागद चाळू लागल्या. मी म्हटलं, माझे वडील. बाबांना न विचारताच.
कॉलनंतर मॅडम, "आता फिस्कटलं तर तिकडचे लोक परत येणार नाहीत. तुला कळतंय ना?" कळतंय. पक्षीही मला हवेत, हे कोणाला सांगू?

१४ नोव्हें., शुक्र.
बाबा आले! इस्त्रीचा शर्ट. खुर्चीच्या कडेवर बसले. आयगुलने स्क्रीनवरून नमस्कार केला, सातव्या कलमाबद्दल त्यांचं म्हणणं विचारलं. मी मराठीत सांगितलं. बाबा स्क्रीनकडे बघत राहिले.
"तिला इचार, तिकडं तल्यावर मासं मारनारी मानसं हायत का? त्यांना पन बंद केलाय का?"
मॅडमनी मान हलवली. नको.
मी विचारलं.
आयगुलने समोरचे कागद बाजूला सारले, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "त्यांना सांग, मासे मारणारे आहेत. त्यांचं काय झालं ते सांगायला वेळ लागेल."