माझी गाडी, माझे पाने आणि फिल्टरचे जुने रबर

मी, खुशालराव भगवंतराव मोहोड, वय ७१, कृषी विद्यापीठाच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेला निदेशक, राहणार जठारपेठ, अकोला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. साखर थोडी वाढलेली आहे, पण तिचा डोक्याशी संबंध नाही. कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेले नाही. उलट पत्नी माणिकबाई सकाळपासून म्हणत आहे, "हे काय अभद्र लिहून राह्यले? त्याच्यापेक्षा गहू निवडून द्या." यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे पहिलेच आणि, तब्येत पाहता, बहुधा शेवटचे नाही.

कलम १. राहते घर माणिकबाईचे. तिच्या पश्चात आमची एकुलती मुलगी प्रणाली हिचे. घर माझ्या पगारातून झाले हे खरे, पण मे महिन्याच्या उन्हात एकवीस दिवस स्लॅबला पाणी मारणारी तीच होती. मी तेव्हा ट्रॅक्टरच्या प्रशिक्षणाला गेलो होतो आणि परत आल्यावर स्लॅबमध्ये चुका काढल्या. त्याबद्दल ती आजही बोलते, आणि बरोबर बोलते.

कलम २. बँकेतील ठेवी व पेन्शनची शिल्लक माणिकबाईला. तिने ती हवी तशी उडवावी.

कलम ३. माझी पांढरी आठशे गाडी, सन २००६ची, आणि माझी नट आवळायच्या पान्यांची पेटी प्रणालीला. जावई ललितराव यांना नाही. ललितराव माणूस सोन्यासारखा आहे, मुलीला सुखात ठेवतो. माझी तक्रार एवढीच की नट जितका आवळावा तितका चांगला, अशी त्यांची समजूत आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखाली तेल साठते त्या भांड्याच्या, नटावर एवढा जोर लावला की आटेच गेले. जावई म्हणून मी तेव्हा गिळले. आज लिहिले, मोकळा झालो.

गाडीला अट एकच. तिचे ऑइल प्रणालीने घरीच, स्वतः बदलावे. गाडी सपाट जागी उभी करावी. इंजिन पाच मिनिटे चालवून कोमट करावे, तापवू नये. हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना विटा लावाव्यात आणि पुढून गाडी स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. मग नट काढून घमेल्यात तेल उतरू द्यावे आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत चहा प्यावा. ललितराव घाई करतील, करू देऊ नये. नटाखालचे वायसर दर वेळी नवे टाकावे. नट आधी बोटांनी फिरवावा, मग पान्याने बेताने आवळावा. नव्या फिल्टरच्या रबराला बोटभर ऑइल लावून फिल्टर हातानेच घट्ट करावा, त्याला पाना दाखवू नये. तेल भरून, पातळी मोजायची पट्टी पाहून, इंजिन थोडा वेळ चालवावे, बंद करावे आणि खाली पुठ्ठा सरकवावा. पुठ्ठा कोरडा निघाला तरच गाडी रस्त्यावर काढावी. जुने तेल डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्यावे, नालीत ओतू नये.

यातली एक पायरी मी गाळली आहे. ती पुढच्या कलमात येईल.

कलम ४. वलगाव शिवारातील माझ्या नावचे दीड एकर वावर माझा धाकटा भाऊ श्यामराव याला द्यावे. का द्यावे, ते लिहिणे भाग आहे.

सन २०१४च्या दिवाळीनंतर श्यामच्या मुलीचा, पौर्णिमेचा, साखरपुडा वलगावला होता. मोठ्या भावाला मानाने न्यायचे म्हणून श्याम आदल्या दिवशी स्वतः अकोल्याला आला. संध्याकाळी आम्ही दोघांनी अंगणात गाडीचे ऑइल बदलले. नट त्याने आवळला, फिल्टर मी बसवला. उशीर झाला होता म्हणून पुठ्ठा काही टाकला नाही. सकाळी मुर्तिजापूरच्या अलीकडे स्टिअरिंगसमोर तेलाचा लाल दिवा लागला आणि मी गाडी बाजूला घेईपर्यंत इंजिन जाम झाले. मागे डांबरावर तेलाची धार. सरकीच्या ट्रकमध्ये बसून वलगावला पोचलो, तेव्हा पाहुण्यांची जेवणे उरकली होती. मुलीचा बाप सरकीने माखलेला, ट्रकमधून उतरला.

आणि मी मांडवात, त्याच्या नव्या सोयऱ्यांसमोर ओरडलो, "या शाम्यानं नट ढिल्ला ठेवला! एक काम धड येत नाही याले!"

श्याम म्हणाला, "दादा, नट म्या घट्ट कसला होता." पुढे एक शब्द बोलला नाही. त्या दिवसापासून त्याने माझ्या घराचा उंबरठा ओलांडलेला नाही. तूर मात्र दर वर्षी एसटीने पाठवतो. अकरा वर्षे मी त्याच तुरीचे वरण खातो आहे आणि पहिला घास कधी सुखाने उतरलेला नाही.

चौथ्या दिवशी बंडू मिस्तरीने फिल्टर उतरवला. जुन्या फिल्टरचे रबर इंजिनालाच चिकटून राहिले होते आणि त्याच्यावर मी नवा फिल्टर चढवला होता. रबरावर रबर. गाडीने वेग घेताच तेल तिथून उडाले. "काकाजी, जुनं रबर तं तुमी काढलंच नाही," बंडू म्हणाला. मी त्याला गप्प बसवले. एकतीस वर्षे मी पोरांना हेच शिकवले की, जुने रबर निघाले की नाही ते बोट फिरवून पाहा. मीच पाहिले नाही. श्यामचा नट घट्ट आणि कोरडा होता. चूक माझी होती आणि ती कबूल करायची मला लाज वाटली. माझ्या मृत्यूनंतर हे कलम सर्वांसमोर मोठ्याने वाचावे.

कलम ५. वरील मजकूर रविवारी लिहिला. सोमवारी साक्षीदार म्हणून शेजारी उत्तमराव गावंडे यांना बोलावले. साक्षीदाराने सही तेवढी करायची असते, मजकूर वाचायचा नसतो, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी चष्मा लावला आणि सगळा वाचला.

"खुशालराव, हे तुमी गेल्यावर वाचायचं?"

"हो."

"अन् श्याम आंधी गेला तं?"

उत्तमरावांनी सही न करता पेन खाली ठेवले आणि ते घरी गेले. माणिकबाई म्हणाली, "उद्या सकाळी निघू. मी डबा करते."

मंगळवारी आम्ही वलगावला गेलो. श्याम ओसरीवर बसला होता, जवळ गावची चार माणसे होती. मला ते बरे वाटले. अपमान चारचौघांत केला, तर माफीही चारचौघांतच मागायची. मी उभ्याउभ्याच सगळे सांगितले: रबर, बंडू, अकरा वर्षे.

श्याम म्हणाला, "बसा आंधी. मले मालूम होतं, दादा."

"कसं मालूम?"

"नट म्या कसला होता. मंग राह्यलं काय? फिल्टर. थो तं तुमीच बसोला. मले ट्रकमंदीच समजलं."

"मंग मांडवात बोलला काहून नाही?"

"सोयऱ्यांसमोर मोठ्या भावाले खोटं पाडू काय?"

मी त्याच्या ओसरीवर बसून रडलो. ती चार माणसे उठून चुना मागायला शेजारी गेली.

संध्याकाळी श्याम माझ्या शेजारच्या सीटवर बसून अकोल्याला आला. मुर्तिजापूरला आम्ही चहा प्यायलो. घरी त्याने हे कागद वाचले आणि म्हणाला, "दुसरा साक्षीदार मले करा." मी त्याला समजावले की, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असा वकिलांचा सल्ला आहे. आणि त्याला तर वावर मिळते आहे.

"मंग वावर खोडा," तो म्हणाला. "मले सही करू द्या."

सबब कलम ४ मधील वावराची तरतूद रद्द करतो. ते दीड एकर प्रणाली व पौर्णिमा यांना निम्मे निम्मे द्यावे. बाकीचा मजकूर जसाच्या तसा ठेवतो, पण मोठ्याने वाचण्याची आता गरज उरलेली नाही. या सर्वाची अंमलबजावणी प्रणालीने करावी. आज बुधवारी उत्तमराव पुन्हा आले, चष्मा लावून नवा मजकूरही वाचला आणि मग पेन उचलले.

येणेप्रमाणे लिहिले ते वाचून पाहिले, ते माझ्या मनासारखे आहे. लिहून ठेवणाऱ्याने राजीखुशीने आम्हा दोघा साक्षीदारांसमोर सही केली आणि आम्ही दोघांनी त्याच्यासमोर, त्याच्या राहत्या घरात बसून सह्या केल्या.

स्थळ: जठारपेठ, अकोला
दिनांक: ३ डिसेंबर २०२५, बुधवार

लिहून ठेवणार: (सही) खुशालराव भगवंतराव मोहोड

साक्षीदार १: (सही) उत्तमराव गावंडे, रा. जठारपेठ, अकोला. नाते: शेजारी.

साक्षीदार २: (सही) श्यामराव भगवंतराव मोहोड, वय ६८, रा. वलगाव. नाते: सख्खा भाऊ.