कागदाखालची पावडर

४ मार्च

चि. धाकटीस अ. उ. आ.

स्वयंपाकघर एकदाचं झालं. कपाटं, खण, सगळं नवंकोरं. घोळ एवढाच, की आत कागद घालायचा का? सुतार म्हणतो, आतून सनमायका आहे, कशाला झाकता? तुझे भावजी म्हणतात, धाकटीला विचार, म्हणजे उत्तर येईपर्यंत तरी घरात शांतता. वसतिगृहात नन्स आपल्या कप्प्यांतले कागद उचलून बघायच्या. तुझाच तेवढा सरळ असायचा. म्हणून विचारते.

उत्तराची वाट पाहणारी,
ताई

१२ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

घाल, डोळे मिटून घाल. आणि आई करायची तसं कागदाखाली मुंग्यांची पांढरी पावडर भुरभुर. भावजींना म्हणावं, शांतता संपली.

माया आहे, ती उतू जाऊ दे.
धाकटी

२ एप्रिल

चि. धाकटीस अ. उ. आ.

तुझं ऐकलं. प्रत्येक खणात पावडर, वर निळं अस्तर. साधा कागद सरकतो, म्हणून रबरी जाळीचं आणलं. चमच्यांच्या खणात मुंग्या फार, तिथे पावडर जरा सढळ हाताने घातली.

ह्यांचं मात्र ठीक नाही. दहा दिवस मळमळतंय, हात थरथरतात. डॉक्टरांना काही सापडत नाही. हे म्हणतात कसे, चाळीस वर्षांनी पोट तुझ्या स्वयंपाकाला विटलं! मलाही गरगरतं अधूनमधून. दगदग झाली असेल.

आठवण काढत जा.
ताई

९ एप्रिल

ताई,

मायना राहू दे. आई ती पावडर माळ्यावर घालायची, गाद्यांच्या कपाटात. स्वयंपाकघरात नुसता कागद असे. माझ्या डोक्यात दोन्ही कपाटं एक झाली गं. आणि तू तर जाळी घातलीस! चमचे त्या पावडरीतच पडलेत. त्या खणातलं काही वापरू नकोस. भावजींना घेऊन तडक दवाखान्यात जा, पावडरीचा डबा डॉक्टरांना दाखव. सुताराने तोडलेली तुमची फोनची तार अजून जोडलेली नाही, सकाळपासून नंबर फिरवतेय. तिकीट बारा तारखेचं मिळालंय. हे पत्र माझ्याआधी पोचू दे.

धाकटी

९ एप्रिल

चि. धाकटीस अ. उ. आ.

काळजी करू नकोस. ह्यांना आता नुसतं सूप जातं. दर दोन तासांनी मीच चमच्याने भरवते. लहान मुलासारखे तोंड फिरवतात, मग मी रागावते. चमचे ओलेच खणात टाकले जातात, त्यामुळे मुंग्या पुन्हा दिसल्या. आज सकाळी अस्तर उचलून उरलेला अख्खा डबा ओतला. बघू, कोण जिंकतं ते.

तू वेळेवर सुचवलंस म्हणून बरं. अशीच पाठीशी राहा.

तुझी ताई